सत्तर डेसिबलची सुट्टी

बुधवार, ता. ६

रजा मंजूर. उद्या सकाळच्या गाडीने आम्ही चौघं संगीत महोत्सवाला निघणार: मी, बायको, लेक आणि सासूबाई. चार दिवस रोज लाइव्ह संगीत, रोज नवीन हॉटेल. लेक पुढच्या महिन्यात हॉस्टेलला जाणार. त्याआधी तिने बापाबरोबर एकदा मनसोक्त मजा करावी, एवढीच इच्छा. तिची एकच अट होती: टाइमटेबल नको. मान्य केली. टाइमटेबल केलेलं नाही. तक्ता केला आहे.

अठरा वर्षं कारखान्यात मशिनांचा आवाज मोजतो आहे. संगीत म्हणजे शेवटी आवाजच. त्यामुळे घरात संगीतातलं कळतं ते मलाच. डेसिबल मीटर बॅगेत टाकला. बायकोने विचारलं, हे कशाला? म्हटलं, कळेलच.

गुरुवार, ता. ७, दुपार

पोचलो. स्टेशनबाहेरच एक्क्याऐंशी डेसिबल. चौकाचौकात वाजवणारे उभे. लेक एका बासरीवाल्यापाशी थांबली. तक्त्यात बासरी उद्या होती, म्हणून तिला पुढे नेलं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तो उद्या इथे असेल का? या वयात माणसं उगाच शंका काढतात.

जेवणाबाबत माझा नियम ठरलेला. रांग असलेल्या हॉटेलात जायचं नाही. रांग म्हणजे आतली माणसं संथ. बिनरांगेचं हॉटेल लगेच सापडलं. आमच्याशिवाय आत कोणी नव्हतं. सूप गार होतं, पण दिलं अदबीने.

शुक्रवार, ता. ८

बासरीवाला आलाच नाही. कलावंतांना शिस्त नसते.

संध्याकाळी कॅफेत बँड. लेकीने धावत जाऊन पुढचं टेबल पकडलं. मीटर लावला: ब्याण्णव! कानाला मानवतात सत्तर. सगळ्यांना उठवलं आणि सत्तर येईपर्यंत मागे मागे नेलं. सत्तर आले खांबामागे, भांडी घासायच्या जागेपाशी. दिसत काही नव्हतं, पण आकडा आदर्श.

मीटर उंच धरून नोंदी करत होतो, तेवढ्यात मॅनेजर घाम पुसत आला. म्हणाला, साहेब, परवानगीचे सगळे कागद आहेत, आत येऊन बघा. जाणकाराचा केवढा हा मान! मी गंभीरपणे मान हलवली. बँड तत्काळ थांबला. बहुधा माझा अभिप्राय ऐकायला. सगळा कॅफे वळून आमच्याकडे बघू लागला. लेक बराच वेळ टेबलाखाली काहीतरी शोधत होती.

परतताना बायको माझ्यापासून वीस पावलं पुढे चालत होती. भारावली असावी.

शनिवार, ता. ९, दुपारी दीड

आणखी एक बिनरांगेचं हॉटेल. मासा मागवला. सासूबाईंनी वास घेऊन ताट सरकवलं. अन्नाचा अपमान मला बघवत नाही. त्यांचाही मीच खाल्ला.

चार वाजता

पोटात गडबड. माशाचा काही संबंध नाही. हवा बदलली की असं होतं.

पाच

पुन्हा.

पाच वाजून दहा

पुन्हा.

सहा

तिघी म्हणाल्या, आम्ही थांबतो. मी म्हटलं, नको, तुम्ही जा. पण जीव तुटला. काय ऐकावं, कुठे बसावं, काय खावं, सांगणार कोण? लेकीची एक अख्खी संध्याकाळ माझ्यापायी वाया.

सहा वाजून पाच

तक्ता पलंगावरच राहिला! आता त्या हरवणार.

रविवार, ता. १०, परतीच्या गाडीत

हरवल्या नाहीत. काल म्हणे आवाज येईल तिकडे चालत सुटल्या. एका गल्लीत पाऊण तास रांगेत उभ्या राहिल्या, कशाची रांग हे ठाऊक नसताना. आत गरम पाव आणि झणझणीत मटण. सासूबाईंनी तीनदा घेतलं. मग ट्रम्पेटवाल्यासमोर नाचल्या. सासूबाई! ज्यांना आमच्या घरचा जिना चढवत नाही! आणि बायको चारचौघांत गायली. लग्नाला बावीस वर्षं झाली, ही गाते हे मला माहीत नव्हतं.

आत्ताही तिघी तेच गाणं गुणगुणताहेत. शब्द चुकले की एकमेकींच्या अंगावर पडून हसताहेत.

शेवटी लेकीला विचारलं, काय, झाली ना मजा? म्हणाली, बाबा, एवढी मजा जन्मात आली नव्हती. माझे डोळेच भरून आले. नियोजनाचं चीज झालं.

मग तिने माझा हात हातात घेतला आणि अगदी मायेने म्हणाली, पुढच्या वेळी तूही ये ना.