शनिवारी तू खेळायचंस

प्रिय रूरी,

फोनवर तू लगेच हवापाण्यावर घसरतोस, म्हणून पत्र लिहितेय. पत्राला विषय बदलता येत नाही.

आपल्या किनार्डी गावाला फुटबॉलचं वेड लागलंय रे! मासळीच्या शेडमध्ये आम्ही बायका सुऱ्या चालवता चालवता गुणतक्ता घोकतो. आपण एका गुणाने पुढे, तुम्ही मागे, आणि शेवटचा सामना शनिवारी, तुमच्याशीच, आपल्याच मैदानावर. बरोबरी झाली तरी आजवर कधीच न मिळालेला चषक आपला. ‘मासेवाले’ म्हणून हिणवणाऱ्या त्या बड्या ग्लासगोवाल्यांना आपण शेवटच्या दिवसापर्यंत घाम फोडलाय. ‘तुम्ही’ लिहिताना अजून हात अडखळतो. पण तू आता त्यांच्याकडून खेळतोस, हे मी कधी लपवलेलं नाही.

बाकीच्यांना ते पचत नाही. परवा मैदानावर मटण भरलेल्या गरम पाईच्या रांगेत शेजारची एफी सगळ्यांसमोर म्हणाली, “काय गं मॉरव्हेन, शनिवारी कुठे बसणार? पोराच्या बाजूला की गावाच्या?” मी म्हटलं, “तुझा नवरा जिथे घोरत पडतो ना, त्याच्या बरोब्बर मागे. इतकी वर्षं बसतेय तिथेच.” अख्खी रांग हसली, एफीचं तोंड एवढंसं झालं. तुझे बाबा घरी आल्यावर माझ्यावरच चिडले, भांडणं कशाला उकरतेस म्हणून. तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव घेणंच टाकलंय. तुमचा प्रत्येक सामना मात्र टीव्हीचा आवाज बंद करून बघतात. मला कळत नाही असं वाटतं त्यांना.

तू आपला क्लब सोडून गेलास तेव्हा सगळे म्हणाले, संपला हा क्लब. आपल्या पोरांनी तेच खोटं ठरवायला यंदा जिवाचं रान केलंय. मला त्यांचा किती अभिमान वाटतो म्हणून सांगू!

तुला टॉर्किलबरोबरची शर्यत आठवते? शाळेतली? तो चुलतभाऊ, कधी काही जिंकलेला नाही, म्हणून तू मध्येच मांडी धरून खाली बसलास. केवढा चांगुलपणा! त्याला कळलं तेव्हा त्याने ते पदक बंदरात फेकलं आणि कित्येक दिवस तुझ्याशी बोलला नाही. बरोबर केलं त्याने.

काल पेपरात वाचलं, तुझ्या उजव्या मांडीचा स्नायू दुखावलाय, शनिवारी खेळशील की नाही शंका आहे. गाढवा, मला फोनवर डावी म्हणाला होतास! म्हणून हे पत्र. गावाची दया करू नकोस. तुला वगळून जिंकलो, तर जन्मभर ऐकावं लागेल की रूरी नव्हता म्हणून जमलं. तसला चषक मीच उचलून बंदरात फेकीन. शनिवारी तू खेळायचंस, जीव तोडून. आणि तू गोल केलासच, तर जुन्या क्लबावर गोल केल्यावर हल्ली सगळे खेळाडू आनंद न दाखवता मान खाली घालून उभे राहतात ना, तसलं नाटक माझ्यासमोर नको. धाव, ओरड. मी तुला घसा बसेपर्यंत शिव्या घालीन. आणि आम्ही जिंकलो, तर तुझ्या नाकावर टिच्चून नाचेन. मग घरी जेवायला ये, जिंक नाहीतर हर. धुरी दिलेल्या हॅडॉक माशाचं सूप करून ठेवते. बाबा बोलणार नाहीत, पण ताट तेच मांडतील.

तुझीच, शनिवारचा सामना सोडून,
आई