कुंकू लावलेल्या रॅम

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
साखर कारखान्याचा सर्व्हर पुन्हा आपोआप बंद पडून आपोआप चालू झाला. निदान: रॅम खराब. नुसत्या आवाजावरून ओळखलं. एम.डी. साहेब म्हणाले, पुण्याहून इंजिनिअर बोलावू. म्हटलं, मी असताना? कॉम्प्युटर विभागाच्या मॅनेजरची खुर्ची दसऱ्यापासून रिकामी आहे. साहेबांनी माझ्याकडे सूचक पाहिलं. घड्याळाकडेही असेल, ते माझ्या मागेच आहे.
एक तारखेला गळीत सुरू. त्याआधी सर्व्हर ठीक, खुर्ची माझी.

२५ ऑक्टोबर
संकल्प: पद्धतशीर काम. एकेक रॅम काढून तपासायची.
कँटीनमध्ये वजनकाट्यावरच्या जोतीरामला पद्धत समजावण्यातच सकाळ गेली. तो म्हणाला, काटा चालंल का न्हाय तेवढं सांगा. अशांना तांत्रिक गोष्टीत रस नसतो.
दुपारी आमच्या लेकीच्या, वैदेहीच्या कंपासमधल्या खोडरबराने सगळ्या रॅम घासून लख्ख केल्या. सर्व्हर चालू! साहेबांना फोन केला. फोन ठेवेपर्यंत बंद.
खोडरबर सुवासिक होतं. दोष त्याचाच.

२७ ऑक्टोबर, सोमवार
दोन रॅम खराब निघाल्या. त्या घातल्या की सर्व्हर पडतो. गोंधळ नको म्हणून दोघींना कुंकवाचं बोट लावलं. ऑफिसातल्या देवापुढे करंडा असतोच. लाल म्हणजे धोका, हे जगभर चालतं. शेजारच्या टेबलावरच्या विजयमालाताईंना सांगितलं नाही. त्या डेटा एंट्रीच्या, उगीच डोक्याला ताप.
बारामतीच्या दुकानातून नव्या दोन मागवल्या, खराब परत द्यायच्या बोलीवर.

३० ऑक्टोबर
नव्या आल्या. बसवण्याआधी चहा घेतला. परत येतो तो ताटात चार रॅम, चौघींना कुंकू! विजयमालाताई म्हणाल्या, नवी वस्तू हाय, पूजा नको व्हय? दोघींना तुमीच लावलेलं दिसलं, राहिलेल्या दोघींना मी लावलं. नारळही फोडला होता. खोबरं गोड होतं.
घाबरलो नाही. नव्या कुठल्या, असं भावी मॅनेजरने विचारायचं नसतं. घासल्यामुळे जुन्याही नव्यासारख्याच चकचकीत. पण अनुभवी हाताला कळतं, खराब रॅम जरा जड लागते. दोन जड निवडून बारामतीला परत धाडल्या, हलक्या बसवल्या. तपासायच्या राहिल्या, कारण साहेब दारात उभे होते. सर्व्हर लगेच चालू झाला. साहेबांनी पाठ थोपटली!
बायकोला, अश्लेषाला म्हटलं, केबिनला पडदे कुठले लावायचे ते बघ. ती म्हणाली, आधी घरचे धुवा.

१ नोव्हेंबर
गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, गळीत सुरू. चेअरमनसाहेबांच्या हस्ते पहिल्या ट्रॉलीचं वजन घेतलं आणि सर्व्हर गेला. उसाच्या ट्रॉल्यांची रांग फाट्यापर्यंत. सगळे हॉर्न माझ्याच नावाने वाजत होते.
बारामतीच्या दुकानदाराचा फोन आला. म्हणाला, परत पाठवलेल्या दोन्ही कोऱ्या करकरीत आहेत, फक्त यांना कुंकू कुणी लावलं? मी विजयमालाताईंकडे बोट दाखवलं. फोनवर त्याला दिसलं नसावं.

३ नोव्हेंबर
पुण्याचा इंजिनिअर येऊन गेला. सर्व्हर उत्तम चालतोय.
खुर्ची विजयमालाताईंना. साहेब म्हणाले, नव्या रॅम कुठल्या एवढं तरी त्यांना माहीत होतं. फार वाईट वाटलं. मला हंगामापुरतं जोतीरामच्या हाताखाली दिलंय. रांगेतल्या ट्रॉल्यांवर खडूने नंबर टाकायचे.
दुपारी एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, आकडा झ्याक काढलाय, शाळंत मास्तर हुता का वो?
व्हय म्हणालो.