बेकायदा धुतलेल्या चादरी

तीर्थरूप दादा यांना,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात गुडघे अर्ध्यावरच अडतात, तेव्हा निम्मा घातला असं समजा आणि उरलेला हा लिहून पाठवतोय. वयाने तुम्ही मोठे की मी, हे माझ्या लग्नापासून ठरलेलं नाही, पण बायकोचे थोरले भाऊ म्हणून तुम्हीच मोठे.) तुमचा खोकला, वहिनींचं पित्त, थोरल्याची नोकरी आणि धाकट्याचं नोकरीवाचून बसणं, सगळं पहिल्यासारखंच चालू असेल असं धरून चालतो. इकडे तुमच्या बहिणीचं खुब्याचं हाड डॉक्टरांनी खिळे मारून जोडलं आहे. ती शुद्धीवर आहे. जरा जास्तच शुद्धीवर आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना गोळ्या उलटसुलट देतात असं तिचं म्हणणं आहे, आणि डॉक्टर आले की ते विचारायच्या आत तीच त्यांना विचारते, "झोप झालेली दिसत नाही तुमची?" (मला मात्र हल्ली तब्येत कुणी विचारत नाही. छातीत धडधडतं. उजवा कान वाजतो. असो.)

पत्र लिहिण्याचं कारण असं की, तुम्ही कोर्टात उभी हयात पुकारा करण्यात घालवलीत, म्हणजे कायदा रोज तुमच्या कानांवरून गेला. आपल्या दोन्ही घराण्यांत कायद्याच्या इतकं जवळ दुसरं कुणी उभं राहिलेलं नाही. (माझा चुलतभाऊ राहिला होता, पण पिंजऱ्यात.) मुकादमाने उद्या सकाळपर्यंत माझ्याकडे एका कागदावर सही मागितली आहे. सही केली तर आमच्या धुलाईघरातल्या परमुलखातून आलेल्या कामगारांना परत धाडतील. नाही केली तर मला घरी धाडतील. हे पत्र तुम्हाला उद्यापर्यंत मिळणार नाही एवढं मलाही कळतं. पण प्रश्न कुणाला तरी विचारून ठेवला की आपण काहीतरी केलं असं वाटतं.

तर पहिल्यापासून. आमच्या धुलाईघरात हॉस्पिटलच्या चादरी येतात हे तुम्हाला ठाऊक आहे. मी कोपऱ्यात शिलाई मशीन घेऊन बसतो आणि फाटलेल्या चादरींना ठिगळं लावतो. बाकीचं सगळं काम परवान्यावर आलेली माणसं करतात. आपणही इथे उपरेच, पण जुने उपरे. आपल्याला इथे राहण्याचा कायमचा कागद मिळाला आणि कुणी उठवत नाही. ती नवी उपरी. त्यांचा परवाना मुकादमाच्या हातात. मशीनमधून निघालेल्या चादरी गरम खोलीत दोऱ्यांवर टाकायच्या आणि वाळल्या की काढायच्या, असं काम आहे. त्या खोलीचं दार आपलं आपण उघडतं आणि गरम हवा निसटते, म्हणून मुकादमाने त्याला बाहेरून कडी लावली. आतल्या माणसाने काम झालं की दार ठोकायचं, मुकादमाने येऊन कडी काढायची. ठोकलेलं ऐकू येईपर्यंत ठीक. पण मुकादमाला फोनवर बोलायची हौस दांडगी, आणि तोही फिरत फिरत बोलतो.

एका दुपारी आमच्यातला सगळ्यांत उंच कामगार (त्याला लंबूच म्हणतात, तोही ओ देतो) आत असताना मुकादम फोनवर बोलत पार रस्त्यापर्यंत गेला. परत येऊन दार उघडलं तर लंबू ओल्या चादरींच्या ढिगात तोंड खुपसून पडलेला. उष्णता वर वर जाते म्हणतात, तेव्हा उंच माणसाला ती आधी गाठत असावी, असं मी म्हणालो. त्यावर इस्त्रीवालीने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत शिलाई मशीनवर जाऊन बसलो. इस्त्रीवाली म्हणजे त्या सगळ्यांची म्होरकी. आवाज असा की बॉयलर बंद पडलाय हे तिच्यामुळे लक्षात येत नाही. ती मुकादमाला म्हणाली, कडी बाहेरून काढून आतून बसवा. मुकादम म्हणाला, दार मालकाचं आहे. ती म्हणाली, माणूस कुणाचा आहे? मुकादमाने उत्तरादाखल कडी लावून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून सगळे फाटकाबाहेर जाऊन बसले.

आता पाहा, एका कडीसाठी एवढा मोठा संप! एक पेचकस आणला असता तर चहा निवायच्या आत काम झालं असतं. पण मालकाचं म्हणणं, आज कडी दिली तर उद्या खिडकी मागतील. (मला वाटतं, गरम खोलीला खिडकी असती तर ती गरम राहिली नसती. पण मला कुणी विचारलं नाही.) मग शिक्क्याचा कागद आला. मुकादमाने फाटकात उभं राहून तो मोठ्याने वाचला: परवान्यावरच्या परमुलखी माणसाने काम थांबवणं बेकायदा आहे, थांबवल्यास परवाना रद्द, आणि फाटकाच्या आत पाऊल टाकल्यास घुसखोरी. इस्त्रीवालीने विचारलं, "आणि बाहेरून कडी लावणं? त्याचं काय लिहिलंय?" मुकादमाने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. मागे काहीच नव्हतं.

दादा, माझी जुनी खोड तुम्हाला माहीत आहे. मला दोन्ही बाजू पटतात. मुकादम म्हणाला, पेशंट लोकांनी काय पाप केलं, त्यांना मळक्या चादरींवर का झोपवता, तेव्हा माझी मान हलली. इस्त्रीवाली म्हणाली, आमच्यातला एखादा मेला असता तर त्याच्यावर घालायला चादर मात्र स्वच्छ मिळाली असती, तेव्हाही हलली. मान एकच, आणि दोघांनीही ती हलताना पाहिली, त्यामुळे दोघेही मला आपल्यातला समजतात. कायदा मोडणं वाईट, हे चौथीपर्यंत शिकवलं होतं. पुढच्या इयत्तांत वेगळं काही शिकवत असतील तर मी तिथवर पोचलो नाही.

मी आपला बाजूला राहिलो असतो, पण वॉर्डात चादरी संपल्या. तुमच्या बहिणीच्या खाली तीच चादर दिवसेंदिवस. तिच्यावर जांभळ्या औषधाचा एक ओघळ होता, तो वाढत वाढत उशीकडे निघाला होता. मी म्हटलं, बघ, तुझे ते संपवाले. ती म्हणाली, "माझे कशाला, तुमच्याच कारखान्यातले. आणि मला पाठीला टोचतंय म्हणून त्या पोराला भट्टीत घालू नका." मी म्हटलं, भट्टी नाही, गरम खोली. ती म्हणाली, मग जाऊन बसा एकदा. एवढं बोलून तिने तोंड फिरवायचा प्रयत्न केला, पण खिळ्यांमुळे जमलं नाही, म्हणून डोळे मिटले.

त्याच दिवशी मुकादमाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, काका, तुम्ही परवान्यावरचे नाही, तुम्हाला मनाई नाही. एक घाणा तुम्हीच काढा, पहिल्या चादरी काकूंच्या वॉर्डात पाठवतो. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी गेलो. फाटकाबाहेर सगळे बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, शिव्या घालतील. पण इस्त्रीवाली म्हणाली, "जा काका, काकूंसाठी जाताय. मोठ्या मशीनचं झाकण लाथ मारल्याशिवाय बसत नाही, तेवढं बघा." आता संप फोडणाऱ्याला मशीन कसं चालवायचं ते संपवालेच सांगतात, हे कोणत्या कायद्यात बसतं ते तुम्ही सांगा. शिव्या घातल्या असत्या तर मला जास्त बरं वाटलं असतं.

लाथ मारली (गुडघा अजून दुखतो), चादरी धुऊन निघाल्या, मी त्या ढकलगाडीतून गरम खोलीत नेल्या आणि दोऱ्यांवर टाकू लागलो. तेवढ्यात मुकादमाचा फोन वाजला. आणि सवयीने, दादा, निव्वळ सवयीने, वैर म्हणून नव्हे, त्याने जाता जाता कडी लावली. मी आधी हळू ठोकलं, कारण तो फोनवर होता. मग जोरात. मग त्याचं नाव घेऊन. मग तुमच्या बहिणीचं नाव घेऊन, ते का ते मला सांगता येणार नाही. आत श्वास घेतला की गरम फडकं गिळल्यासारखं होतं. पुढचं इतकंच आठवतं की दार उघडलं, आणि दारात लंबू उभा, मागे इस्त्रीवाली, आणि तिच्या मागे सगळी पलटण. मुकादम फोनवर बोलत एकटाच रस्त्यावर आलेला पाहून ते फाटक ओलांडून, शिक्क्याचा कागद तुडवून, सरळ आत. लंबूने मला उचललं तसं मी पहिलं वाक्य बोललो ते असं: अरे, तुम्ही आत कसे आलात, घुसखोरी होईल! (याची आता लाज वाटते.) त्यांनी मला नळाखाली बसवलं. मग ओल्या चादरीही उचलल्या, कारण वॉर्डात त्यांची वाट पाहत होते. त्या स्वतःच्या चाळीमागच्या कुंपणावर वाळवल्या आणि हॉस्पिटलच्या मागच्या दाराने नर्सकडे दिल्या. तेव्हापासून ते रोज तसंच करतात. मळक्या चादरी मागच्या दाराने आणतात, नळावर हाताने धुतात, कुंपणावर वाळवतात, पोचवतात. मुकादम ते पाहून फाटकातून ओरडला, "अरे, करताय तर धड संप तरी करा!" म्हणजे त्यांनी काम थांबवणं बेकायदा होतं, आणि आता काम करणंही बेकायदा आहे. मालकाच्या मते तर ती चोरी आहे.

आणि माझ्या सहीचा कागद तो हाच. त्यात लिहिलं आहे की कामगार मनाई मोडून आत घुसले, गरम खोलीचं दार उघडलं आणि चादरी घेऊन गेले. शब्द न् शब्द खरा. मी तीनदा वाचला, एकही खोटा शब्द सापडेना. फक्त मी त्यात कुठेच नाही. मी नुसता खाली सहीपुरता आहे. खऱ्या कागदावर सही केली तर मी खोटा ठरतो, असं मला सारखं वाटतंय, आणि का वाटतंय ते मांडता येत नाही. ज्यांनी कायदा मोडला नसता तर मी हे पत्र लिहायला उरलो नसतो, त्यांनी कायदा मोडला असं मी कसं सांगू? आणि मोडला नाही, असं तरी कसं सांगू, तो तर माझ्या डोळ्यांदेखत मोडला. तुमच्या कोर्टात असं काही पुकारलं गेलं असेल तर निकाल काय लागला ते कळवा.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, धाकट्याला वाटल्यास दोन्ही.

तुमच्या बहिणीचा,
हवालदिल नवरा

ता. क. पत्र टाकायच्या आतच सकाळ झाली आणि मुकादम आला. मी म्हटलं, सही करतो, फक्त एक ओळ घाल, की तेव्हा मी आत होतो. तो म्हणाला, त्याची गरज नाही. मी म्हटलं, मग मी हे सगळं पाहिलं कुठून? तो म्हणाला, बाहेरून पाहिलं असं लिहू. मी म्हटलं, मी बाहेर असतो तर कडी मीच काढली नसती का, त्यांना कशाला यावं लागलं असतं? मला खरंच कळत नव्हतं हो, मी काही मुद्दाम नव्हतो विचारत. मुकादमाने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग घडी घालून खिशात टाकला आणि मालकाला विचारतो म्हणाला. दुपारी एक सुतार आला, दाराकडे पाहून गेला. काही केलं नाही. माझं काम आहे की गेलं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. मालकाने दुसऱ्या गावाहून धुतलेल्या कडक इस्त्रीच्या चादरी वॉर्डात पाठवल्या आहेत. सगळ्यांनी घेतल्या. तुमची बहीण म्हणते, माझ्या खाली चाळीमागच्याच चादरी घालायच्या. नर्स इस्त्रीची चादर घेऊन आली की ती खाटेची दांडी घट्ट धरते. पेशंटने संप केला तर तो कायदेशीर की बेकायदा? खरं म्हणजे तुम्ही इकडे यावं हे सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं होतं, मध्ये बाकीचं आलं. ती तुमचं ऐकते. (मला आठवतंय तोवर कधी ऐकलेलं नाही, पण तिच्यासमोर तसं म्हणायची पद्धत आहे.)

ता. क. तिसरा. वरचं तिला वाचून दाखवलं. ती म्हणते, दादाला जरूर बोलवा, पण समजूत घालायला नको. जुने कपडे घालून ये म्हणावं. म्हणजे मी सांगितलं नव्हतं ते आता सांगायलाच हवं. चार दिवस मी चाळीमागच्या नळावर जातो. मी संपात नाही, दादा, हे कुणी विचारलं तर स्पष्ट सांगा. पण मोठी चादर एकट्याने पिळता येत नाही. लंबू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, असं चाललं होतं. आज सकाळी लंबूला परवाना घेऊन कचेरीत बोलावलं आहे आणि अजून तो आलेला नाही. तेव्हा पुकारा वगैरे राहू द्या, मिळेल त्या गाडीने निघा. त्याचं टोक मी नळाला बांधून पाहिलं, पण पीळ भरला की गाठ सुटते.