चिकात कापलेली ज्वारी

घोटावडे, गुरुवार

प्रिय अपेक्षा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुझ्या भावाच्या, राजूच्या हाती हे देतोय. फोडून वाचेल. वाचू दे.

सरांशी भांडून मी कृषी कॉलेज सोडलं, त्याला दीड वर्ष झालं. परीक्षा तरी दे म्हणालीस, ऐकलं नाही. इथं घरी येऊन अण्णांच्या एक एकरात गोड ज्वारी लावली. हिच्या धाटांतून उसासारखा रस निघतो, त्याचं इथेनॉल करून पेट्रोलमध्ये मिसळतात. पाणी उसापेक्षा कितीतरी कमी, अन् चार महिन्यांत हातात. अण्णांना मात्र तिथं, माण गावात बांधल्यात तशा खोल्या बांधून आयटीतल्या पोरांना भाड्यानं द्यायच्यात. दोघांत लई वाजलं. शेवटी ठरलं, रसाचा गोडवा सोळा टक्क्यांच्या वर भरला तर इथेनॉलवाले माल नेणार आणि रान माझ्याकडं राहणार.

पीक डोक्यावर गेलं. रोज सकाळी एक धाट मोडून चघळायचो, वाटायचं, तू असतीस तर लगेच चूक काढली असतीस.

मंगळवारी राजू बोलून गेला, रविवारी माणचे पाहुणे तुला बघायला येतायत, पोराच्या चाळीस खोल्या हायेत म्हणे. माझं डोकंच फिरलं. रविवारच्या आत रान माझं झालं असं तुझ्या घरी सांगता यावं, म्हणून काल कोयता घेऊन उतरलो. दाणा नखानं दाबला, पांढरा चीक आला. दाणा टणक झाल्याशिवाय धाटात साखर भरत नाही, हे तूच माझ्या वहीत लिहून दिलं होतंस. तरी कापलं. दुपारपर्यंत अर्धा एकर आडवा.

रस अकरा भरला. गाडी रिकामी गेली. अण्णा ओरडतील वाटलं होतं. ते आडव्या धाटांतून चालत आले नि एवढंच म्हणाले, "पिकाला दम हाय, तुलाच न्हाई." कापलेलं म्हशी खातायत. उरलेल्या अर्ध्याला पंधरा दिवस लागतील, तोवर कोयता अण्णांकडं दिलाय.

रविवारी मी तिथं येऊन तमाशा करणार नाही. पण तुझ्या घरी काय दाखवू या घोरात तुला विचारायचंच राहिलं. रस सोळा भरेल की नाही, रान राहील की नाही, काहीच माहीत नाही. तरी विचारतो, माझ्याशी लग्न करशील? उत्तराची घाई नको. फक्त त्यांना हो म्हणण्याआधी, तुला कुणीतरी विचारलंय, एवढं ध्यानात असू दे.

तुझाच,
इंद्रजित