येण्याची फार इच्छा आहे

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन थिएटरच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी अख्ख्या इस्पितळातून तुझी एकटीची निवड झाली, वाचून ऊर भरून आला. तेवढे दिवस बाबांना मी माझ्याकडे आणावं, हे तुला लिहावंच का लागलं? माझ्या मनात तेच आहे. येण्याची फार इच्छा आहे.

पण शब्दकोशाच्या कचेरीत 'व्ही' अक्षर माझ्या गळ्यात पडलंय आणि त्यातल्या एका इंग्रजी नामाने जीव खाल्लाय : 'व्हेलीइटी'. लॅटिनमध्ये 'व्हेले' म्हणजे इच्छिणं. त्याला नामाचं शेपूट लावलं की झाली व्हेलीइटी. म्हणजे अशी इच्छा, जी असते, पण माणसाला जागचं हलवत नाही. 'व्होलिशन', म्हणजे इच्छाशक्ती, ही तिची सख्खी बहीण, त्याच मुळातली. मराठीत चपखल शब्द सापडत नाही. सापडला की निघालोच.

बाबांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ढापण्या

१७ मार्च

चि. ढापण्यास,
अ. उ. आ.

मूळ, शेपूट, बहीण, सगळं कळलं. तू कोणत्या गाडीने येतोस, तेवढं कळलं नाही. एक तारखेला मी हजर झाले नाही तर जागा दुसरीला जाईल. कंबरेचं हाड जोडल्यापासून बाबांना अंघोळीलाही हात द्यावा लागतो. त्यांना एकटं टाकून मी जाऊ कशी?

तुझा शब्द वॉर्डात सांगितला. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, हा आजार त्यांच्या मेव्हण्याला आहे, औषध नाही. मराठी शब्द अडलाच असेल तर तुझं नाव घाल आणि मोकळा हो.

रागावले आहे, तरी जेवत जा वेळेवर.

ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी सूचना संपादकांना वाचून दाखवली. फार हसले. सध्या समितीत 'इच्छाभास' आणि 'दुबळी इच्छा' असे दोन तट पडलेत, एकमेकांशी बोलणं बंद आहे. अशा वेळी दुबळ्यांना वाऱ्यावर सोडून कसं यावं? बाबांना सांग, शनिवारी नक्की.

लोभ आहेच, तो शनिवारपर्यंत टिकव.

ढापण्या

३१ मार्च

चि. ढापण्यास,
अ. उ. आ.

हे पत्र बाबांच्याच हाती देतेय. औषधं आणायला इस्पितळाची गाडी तुझ्या गावी निघालीय, चालकदादा त्यांना तुझ्या दारापर्यंत पोचवतील. मी तुला विचारलेलं नाही. विचारून पाहिलंय बरंच.

तुझं पत्र आलं की बाबा दाढी करायचे आणि पिशवी भरून दाराशी बसायचे. शनिवारी तर अंधार पडेपर्यंत बसले. मी पिशवी उपसायला गेले तर म्हणाले, राहू दे, त्याची इच्छा आहे ना. मला रडू आलं रे.

त्यांना सांभाळ. मग आपलं पुन्हा जमेल.

ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू रुजू झालीस, बरं वाटलं. बाबा मजेत आहेत. जिने चढताना दमले, आता गॅलरीपर्यंत चालतात. शब्द अजून समितीतच आहे.

काल त्यांना अंघोळ घालत होतो. त्यांनी विचारलं, एवढे दिवस कोणत्या शब्दाने तुला अडवून धरलं होतं? मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, असा शब्द आपल्याला कशाला लागतो, आपल्यात असं कोणी नाही.

मी त्यांच्या पाठीला साबण लावत राहिलो.

जमलं तर पूर्वीसारखीच राहा.

तुझा,
ढापण्या