सोलेनच्या बारा बाटल्या आणि माझी जीभ

२२ जानेवारी २०१५, सकाळी ११
आज द्राक्षमळेवाल्यांचा सण. मुहूर्त चांगला, म्हणून नवी वही. मळा सोलेनच्या ताब्यात दिल्यावर पोरीने एकटीने केलेली पहिली शार्दोने वाईन, २०१२ची. तिने मला बारा बाटल्या दिल्या. दरवर्षी सणाला एक उघडायची, चव लिहायची. बाटलीत वाईन कशी पिकत जाते याचा शास्त्रशुद्ध रिपोर्ट. अख्ख्या शाब्ली गावात हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. त्याला जीभ लागते.
चव: हिरवं सफरचंद, लिंबाची साल. दात आंबले. तोडणीत चार दिवसांची घाई झाली. सोलेनला तसं सांगितलं. ती म्हणाली, थंड मुलखातली वाईन आहे बाबा, तिला वेळ द्या. दोन बरे शब्दही बोलायला हवे होते. पुढच्या वर्षी नक्की.

६ डिसेंबर २०१५
तळघर आवरलं. ओदिल म्हणत होती, अहो, आहे तसं राहू द्या. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचं ऐकून कधी तळघर आवरलं गेलेलं नाही. शेजारच्या गास्तोंशी दरसाल डझनभर बाटल्यांची अदलाबदल असते, त्याच्याही २०१२च्या पडून आहेत. घरच्या बाटल्यांना लेबल कोण लावतो? खणांवर खडूने नावं होती, ती ओल्या फडक्याने गेली. घाबरलो नाही. दोन्ही खणांतली एकेक उघडली. एक आंबट, एक भरदार. आंबट ती सोलेनची. पाच मिनिटांत निकाल.
गास्तोंच्या बाटल्या स्वयंपाकाला. हॅमच्या रश्शापलीकडे त्याच्या वाईनची लायकी नाही.

२२ जानेवारी २०१६
आंबटच. सर्दीमुळे सविस्तर लिहीत नाही.

२२ जानेवारी २०१७, दुपारी ४
चव: काही नाही. वासही नाही. दुकान बंद. दोनदा चाखली, मग खात्रीसाठी पूर्ण बाटली. वाईन मेली. सोलेनला स्पष्ट सांगितलं. बापाने नाही सांगायचं तर कोणी? तिने शांतपणे ऐकून घेतलं. शहाणी मुलगी.

५ फेब्रुवारी २०१७
सलग दुसरा रविवार, सोलेन जेवायला नाही. ओदिलकडून कळलं, २०१२चा उरलेला सगळा माल तिने एका हॉटेलवाल्याला देऊन टाकला. टिकणार नसेल तर ठेवून काय करू, म्हणाली. म्हणजे माझा सल्ला मानला. समाधान वाटलं. तिची रिकामी खुर्ची दोनदा सरकवली, ते पाय अडखळत होता म्हणून.

१६ एप्रिल २०१७, ईस्टर
सोलेन आली. गास्तोंची वाईन घालून हॅम. सगळ्यांनी ब्रेडने ताटं पुसून खाल्ली. ओदिल म्हणते, रस्सा दर ईस्टरला सुधारतोय. पातेलं मी निवडलंय.

२२ जानेवारी २०१९
वाईन जिवंत! मध. थोडासाच, पण मध. म्हणजे मेली नव्हती, झोपली होती. मी तेव्हा ‘झोपली’च म्हणालो होतो. मागचं पान काढून पाहायची गरज नाही. सोलेनला सांगायलाच हवं. पण ती छाटणीत आहे. छाटणी संपली की सांगतो.

२ एप्रिल २०१९
छाटणी संपली. आता थंडीने कोंब करपण्याची भीती, ती पहाटेपासून मळ्यात. उन्हाळ्यात सांगतो.

२२ जानेवारी २०२१
भाजलेले हेझलनट, लोणी, ओला दगड. पोरीने कमाल केली आहे. जेवताना तिच्याकडे बघून मान डोलावली. तिला बरोबर कळलं असणार. तिने विचारलं, मान अवघडलीय का बाबा?

२२ जानेवारी २०२४, संध्याकाळी ६
सणाचं जेवण, तीस माणसं. ठरवूनच गेलो होतो. बाटली बगलेत, भाषण पाठ. सगळ्यांना एकेक घोट दिला आणि उभा राहिलो. मध बोललो, हेझलनट बोललो, आपल्या मातीचा थंडपणा कसा लोण्यात गुंडाळून येतो ते बोललो. शेवटी म्हणालो, ‘ही वाईन करणाऱ्याने मला मागे टाकलं, आणि मला त्याचा आनंद आहे. नऊ वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं.’ लोकांनी टेबलं बडवली. सोलेन खाली बघत होती.
गास्तोंने टेबलावरचं बूच उचललं, चष्मा लावला, वाचलं. बुचावर मळ्याचं नाव छापलेलं असतं. मी बुचाकडे कधी बघत नाही. वाईन चाखायची असते, वाचायची नसते.
‘लुसियन,’ तो म्हणाला, ‘माझ्या सख्ख्या बापानेही माझं एवढं कौतुक केलं नव्हतं.’
लोक अजून हसत असतील. मी निघून आलो. त्याने भाषण लिहून मागितलं आहे.

२३ जानेवारी २०२४
शांतपणे विचार केला. निरीक्षणं अचूक आहेत, फक्त मळ्याचं नाव बदलायचं. सोलेनच्या बाटल्या स्वयंपाकाच्या खणात. ओदिलने मोजून सांगितलं, एक उरली, बाकीच्या हॅममध्ये. मग म्हणाली, ‘अहो, हे मला नको सांगू. तिला सांग.’ अहो म्हणत एकेरीवर आली म्हणजे प्रकरण गंभीर.

२४ जानेवारी २०२४, दुपारी १
उरलेली बाटली घेऊन मळ्यात गेलो. सोलेन आणि छाटणीची तीन माणसं डबे खात होती. पेले नव्हते, कॉफीच्या कपांत ओतली. बूच आधी तिला वाचायला दिलं. एक घोट घेतला. परवा पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना, सगळी गास्तोंवर खर्च झालेली. म्हणालो, ‘सोलेन, मी चुकलो. ही तुझी आहे, आणि फार चांगली आहे.’
तिने घोट घेतला. बराच वेळ तोंडातच धरला. मग म्हणाली, ‘आणि आपण ही हॅमवर ओतली.’ हसायला लागली. इतकी की कप खाली ठेवावा लागला. मीही हसलो, जरा उशिरा.
आता मात्र पद्धतशीर लिहायचं म्हणून वही काढली, पेन शोधलं, तारीख घातली. तेवढ्यात त्या तिघांनी बाटली संपवली. सॉसेजबरोबर छान लागली म्हणाले.
चव: फार चांगली. एका घोटावरून एवढंच.