निळं दुपटं

२ नोव्हेंबर
पोचले एकदाची! शहर लहानसंच, पण माता-बाल केंद्र पाहून जीव सुखावला. खाली तपासणीची खोली, तिच्या आत बाळंतिणींच्या खाटा, वर माझी खोली. खिडकीतून नदीवरचा पूल दिसतो. डॉक्टरीणबाईंचा आवाज असा खणखणीत की रडणारं पोरही दचकून गप्प होतं. आयाला सगळे मावशी म्हणतात. मला पाहताच तिनं जाहीर केलं, की ही नर्स फारच वाळकी आहे, हिच्या जेवणाकडे मलाच बघावं लागणार. माझी कामं म्हणजे बाळांची वजनं, लसी, दुधाची पावडर वाटणं आणि घरोघर फिरून विचारपूस.

६ नोव्हेंबर
आज वजनाचा दिवस. रांग थेट रस्त्यापर्यंत. एका गुटगुटीत पैलवानानं माझा कोरा एप्रन भिजवून स्वागत केलं. सगळ्यात शेवटी हिरव्या शालीतली एक अबोल बाई आली. बाळ निळ्या दुपट्यात डोक्यापासून गुंडाळलेलं. आत्ताच डोळा लागलाय, उघडू नका, म्हणाली. तसंच काट्यावर ठेवलं. चांगलं भरलं. सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी! काही आयांना आनंदाचीही धास्ती वाटते.

१३ नोव्हेंबर
शालवाली पुन्हा आली. वजन छान वाढलंय. तिचा ब्लाउज दुधानं भिजलेला होता. मी म्हटलं, बाळाची चैन आहे. त्यावर ती म्हणाली, अजून पाजलं नाही. तो हळूहळू येतोय, सगळा आला की पाजीन. मला काही उमगलं नाही. मागून दोन पोरं एकदम किंचाळली आणि विचारायचं राहून गेलं.

१८ नोव्हेंबर
पुलापलीकडच्या एका घरी गेले. म्हाताऱ्या आजीच्या मांडीवर नातू. दूध पितो, तरी दिवसेंदिवस वाळतोय. हातात घेतला तर पिसासारखा. आई कुठे, विचारलं. आजी रडायला लागली. सून बाळंतपणात गेली म्हणे, आमच्याच केंद्रात. लेकाचं तोंडही पाहिलं नाही तिनं. दुपटं मात्र स्वतः शिवून ठेवलं होतं, निळं. तिच्याबरोबरच पुरलं.
भिंतीवर तिचा फोटो होता.
हिरवी शाल मी ओळखली.

१९ नोव्हेंबर
मावशीला सांगितलं. तिनं मला वेड्यात काढलं नाही. पदरानं डोळे टिपत म्हणाली, सारखं विचारत होती बिचारी, बाळ कसंय, बाळ कसंय. आम्ही धावपळीत होतो. कुणी उत्तरच दिलं नाही.

२० नोव्हेंबर
ती आली. मी दुपटं काट्यावर ठेवून उघडलं. आत काही नाही. काटा मात्र वरच. गेल्या खेपेपेक्षा वर. पोरातून जे जातंय ते इथे भरतंय, आणि मीच ते दर खेपेला मोजून तिच्या पदरात टाकतेय.
वजन सांगितलं नाही. तिला म्हटलं, आता येऊ नका, बाई. तो वाचायला हवा.
ती म्हणाली, मग माझा कसा होईल?

२१ नोव्हेंबर
काटा कुलपात ठेवला. आजीकडून बाळाला इकडे आणलं. डॉक्टरीणबाईंनी चमच्यानं दूध घातलं, ग्लुकोज दिलं. अंगाला काही लागत नाही. त्यांचा आवाजही आज खाली आलाय.

२३ नोव्हेंबर
बाळ आता डोळेच उघडत नाही— नुसतं कण्हतं. आजी पायाशी बसून आहे. म्हणते, नर्सबाई, खरं काय ते सांगा. काय सांगू—

२४ नोव्हेंबर
आजीला डुलकी लागलीय. बाळ माझ्या मांडीवर, एका हातानं लिहितेय. भर दुपार. शालवाली दारात उभी आहे. आत येत नाही. ब्लाउज ओला. दुपटं रिकामंच पुढे धरलंय.
म्हणते, एकदाच पाजू द्या हो, दूध दाटून छाती फुटतेय—
नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं—
बाळानं डोळे उघडले. इतक्या दिवसांनी! मान तिकडे वळवली— ओठ हलवतोय— हसतोय तिला बघून. असा कुणाकडे बघून हसला नव्हता—
आजीला हाक मारायला हवी—
ती रडतेय. मीही.
देवा, माझे हात का सैल—